गाडीत बाहेरून बदल केले तर वॉरंटीचं नेमकं काय होतं?

सातारकर (धागाकर्ता)

गाडी शोरूमच्या बाहेर पडली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: "बाहेरचा हॉर्न बसवलास तरी वॉरंटी गेलीच समज." दुसरा: "काही होत नाही, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी काढून ठेवायचं." दोन्ही चुकीचे, आणि दुसरा जास्त महाग पडतो. कोणत्या बदलानं गाडीचा कोणता भाग वॉरंटीबाहेर जातो आणि का जातो, एवढंच इथे नेमकं लिहू या. कोणता ब्रँड चांगला, कुठे स्वस्त बसतं, यासाठी वेगळे धागे आहेत.

सुरुवात बुकलेटपासून. ग्लोव्हबॉक्समधलं वॉरंटी बुकलेट काढा आणि 'वॉरंटीत काय येत नाही' हे पान वाचा. फेरफाराबद्दलचं वाक्य साधारण दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. पहिली तऱ्हा: 'फेरफारामुळे किंवा कंपनीमान्य नसलेल्या भागांमुळे झालेला बिघाड'. दुसरी: 'फेरफार केलेली गाडी'. पहिलीत 'मुळे' आहे. तिथे बाहेरचा स्टिरिओ बसवला म्हणून गिअरबॉक्सचं काम नाकारता येत नाही, स्टिरिओचा आणि त्या बिघाडाचा संबंध दाखवावा लागतो. दुसरीत 'मुळे' नाही, आणि तिथे कंपनी अख्ख्या गाडीवरून हात काढून घ्यायचा प्रयत्न करते. काही बुकलेटमध्ये दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या पानांवर असतात. त्या पानांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, पुढचं सगळं बोलणं त्याच्याच आधारानं होतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी बहुतेक वेळा कारकंपनीची नसते, त्या-त्या उत्पादकाची असते. त्यांचा दावा वेगळा चालतो.

---

जॉबकार्ड

सर्व्हिस सेंटरच्या आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे 'नाही' कुठून येतं ते कळेल.

वॉरंटीत भाग बदलला की डीलर आधी स्वतःच्या खर्चानं काम करतो आणि नंतर कंपनीकडे दावा टाकतो. त्यासोबत जुन्या भागाचे फोटो, स्कॅनरचे फॉल्ट कोड, किलोमीटर आणि जॉब कार्ड (गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात तो कागद) जातं. जुना भाग जपून ठेवावा लागतो, कारण कंपनी तो मागवून घेऊ शकते. दावा फेटाळला गेला किंवा नंतरच्या ऑडिटमध्ये उलटला, तर पार्ट आणि मजुरीचा भुर्दंड डीलरवर येतो. म्हणून ॲडव्हायझरला (काउंटरवर तक्रार लिहून घेणाऱ्याला) बिघाडाच्या जवळपास कापलेली वायर किंवा बाहेरचा रिले (विजेनं चालणारा स्विच) दिसला की तो आधी 'नाही' म्हणतो. हा त्याचा अंदाज असतो. निर्णय कंपनीचा असतो आणि त्यासाठी दावा टाकला जायला हवा.

त्यामुळे तोंडी 'वॉरंटीत बसणार नाही' ऐकून घरी येऊ नका. तीन गोष्टी मागा:

१. तक्रार जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'गाडी चेक करणे' असं मोघम नको. 'थंड इंजिनला स्टार्ट घेताना ८-१० सेकंद लागतात, दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते' असं हवं.

२. नकार लेखी मागा: कोणता भाग, बुकलेटचं कोणतं कलम, आणि बदलाचा बिघाडाशी लावलेला संबंध. ॲडव्हायझर लिहून देत नसेल तर त्याच दिवशी त्याला आणि वर्क्स मॅनेजरला ईमेल करा: 'आज अमुक वाजता आपण अमुक कारणानं दावा नाकारलात, चूक असल्यास कळवावे.'

३. दावा कंपनीकडे टाकला का, हे विचारा. टाकलाच नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला लिहा आणि विभागीय सर्व्हिस इंजिनिअरकडून तपासणी मागा. हे लोक ठरावीक दिवशी डीलरकडे येतात, तोपर्यंत भाग उघडू देऊ नका.

पैसे भरून दुरुस्ती करावीच लागली तर जुना भाग ताब्यात घ्या. पुढे तोच पुरावा. काही भाग बदली-तत्त्वावर असतात आणि जुना परत द्यावा लागतो, तिथे निदान चारही बाजूंनी फोटो आणि त्यावरचा नंबर टिपून ठेवा.

---

प्राजक्ता_प

गाडी घेतानाच शोरूमनं ॲक्सेसरी पॅक बसवून दिला असेल तर? तो तर कंपनीचाच मानायचा ना?

---

जॉबकार्ड

ताई, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनीचं असं नाही. बिल बघा. अस्सल ॲक्सेसरीला कंपनीचा पार्ट नंबर असतो, तो बिलावर छापला जातो आणि तिची स्वतःची वॉरंटी असते. बिलावर नुसतं 'ॲक्सेसरी किट – १ नग' किंवा 'सीट कव्हर, कॅमेरा, फॉग लॅम्प – एकूण' असं लिहिलं असेल, तर तो बाजारातला माल डीलरनं स्वतःच्या जबाबदारीवर बसवलेला असू शकतो. कारकंपनी त्याला ओळखत नाही.

डिलिव्हरीआधीच सांगा: प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, पार्ट नंबरसकट. पार्ट नंबर नसलेल्या वस्तूंसाठी डीलरच्या लेटरहेडवर एक ओळ घ्या की 'सदर वस्तू आमच्याकडे बसवली असून तिच्यामुळे वायरिंगमध्ये बिघाड झाल्यास जबाबदारी आमची'. गाडीचे पैसे पूर्ण भरायच्या आधी हे कागद सहज मिळतात, नंतर नाही.

---

तारजोड

वॉरंटी नाकारली जाण्याचं रोजचं कारण वायरिंग आहे, म्हणून यावर जरा सविस्तर.

एच४ हेडलाइटचा कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात १००/९० वॅटचा मिळतो आणि तो जुन्याच कपलरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) लागतो, म्हणून लोक लावतात. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ ॲम्पिअर, १०० वॅट म्हणजे सव्वाआठ. कपलरमधल्या जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पट. फ्यूज लगेच उडत नाही, पण कपलर हळूहळू भाजतो. मेकॅनिक तो उपसून हातात घेतो तेव्हा तीन पिनांपैकी सहसा एकीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं दिसतं, आतली पितळी पट्टी निळसर पडलेली असते आणि तिची पकड गेलेली असते. पुढे पकड ढिली, म्हणून उष्णता अजून वाढते. हे चित्र दिसलं की हेडलाइट, त्याचं वायरिंग आणि स्विच यांची वॉरंटी संपली. तुम्ही कंपनीचा बल्ब परत लावून नेलात तरी कपलर सगळं सांगतो.

नव्या गाड्यांत अजून एक भानगड आहे. हेडलाइटला वीज साध्या रिलेमधून न जाता बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून) जाते आणि ते मॉड्यूल करंट मोजत असतं. जास्त वॅटचा बल्ब लावला की ते आउटपुट बंद करतं किंवा कोड साठवतं, कमी करंटचा एलईडी लावला की 'बल्ब गेला' असा इशारा देतं. मॉड्यूल जळालं तर कित्येक हजारांचा भाग, आणि तो दावा मिळणार नाही. शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी किंवा एचआयडी टाकला की प्रकाश विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. ते कायद्यातही बसत नाही.

वायर जोडायचीच असेल तर क्रम असा:

कंपनीची वायर कापू नका, सोलू नका. ते निळे दाबून बसवायचे क्लिप-जोड तर अजिबात नकोत. ते तारेचे काही धागे तोडतात, आत पाणी शिरतं आणि वर्षभरात हिरवा गंज चढतो. गाडीच्या मॉडेलसाठी तयार मिळणारा कपलर-टू-कपलर हार्नेस (तयार वायरसंच) वापरा. काढला की मागे खूण राहत नाही आणि 'वायरिंग कापलं' हा मुद्दाच उरत नाही.

फॉग लॅम्प, हॉर्न यांना करंट थेट बॅटरीवरून द्या. वायर २.५ चौरस मिमी, रिले ३० ॲम्पिअरचा, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लांब बसवला तर मधली वायर चॅसिसला घासल्यावर तिला कोणतंच संरक्षण नसतं. रिलेचा ट्रिगर घेण्याआधी वायरिंग डायग्राम बघा, कारण कंट्रोल मॉड्यूलच्या लाइनवर रिलेची कॉइलही काही गाड्यांना चालत नाही.

अर्थिंग (करंट बॉडीत परत नेणारी जोडणी) रंगावर स्क्रू मारून घेऊ नका. मूळ अर्थिंगचा बोल्ट शोधा. पण एअरबॅग किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांचं अर्थिंग ज्या बोल्टवर आहे तो सोडून द्या.

---

मिलिंद_ठाणे

डॅशकॅमचं काय? पार्किंग मोड लावल्यावर बॅटरी उतरते म्हणतात. बॅटरीचा दावा नाकारतात का?

---

तारजोड

दादा, हिशेब करू. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा समजा ३०० मिलिॲम्पिअर घेतो. २४ तासांत ७.२ ॲम्पिअर-तास. बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असेल तर अडीच दिवसांत निम्मी उतरते. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर बॅटरी वारंवार खोल उतरणार, प्लेटांवर सल्फेट जमणार. बॅटरीवाला टेस्टर लावून 'डीप डिस्चार्ज' लिहितो आणि बदलून द्यायच्या ऐवजी चार्ज करून परत देतो.

हार्डवायर किट घ्याल तर त्यात कमी व्होल्टला बंद होणारी सोय हवी आणि ती १२.२ ते १२.४ व्होल्टच्या आसपास ठेवा. कित्येक किट ११.८ वर बेतलेले येतात, तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते.

बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडत असेल तर सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी घरीच मोजा. मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये जोडा. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद झाल्यासारखं ठेवा, गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण सगळी मॉड्यूलं झोपायला तेवढा वेळ लागतो. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिॲम्पिअरच्या आत आकडा आला तर गाडी ठीक आहे. २००-३०० आला तर तुमची बाहेरची वस्तू काढून परत मोजा. वस्तू काढूनही आकडा तसाच राहिला तर दोष गाडीचा. मीटरसकट व्हिडिओ काढा आणि तो दाखवूनच तक्रार नोंदवा.

---

रबरवाला

टायर आणि रिम. एक सूत्र पाठ करा: टायरची एकूण उंची = रुंदी × टक्केवारी × २ + रिमचा व्यास मिमीमध्ये.

१८५/६५ आर१५ : १८५ × ०.६५ × २ = २४०.५, अधिक ३८१, एकूण ६२१.५ मिमी.
१९५/५५ आर१६ : २१४.५ अधिक ४०६.४, एकूण ६२०.९. फरक नगण्य.
१९५/६० आर१६ : २३४ अधिक ४०६.४, एकूण ६४०.४. म्हणजे ३ टक्के मोठा.

तिसऱ्या टायरवर मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ नं चाललेली असते. ओडोमीटर कमी मोजतो आणि चाकाच्या कमानीला आतून घासण्याची शक्यता वाढते. गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीच जो साइज देते तो घेतलात तर कुणी हरकत घेत नाही. दाराच्या चौकटीवरचा टायरचा स्टिकर बघा, बऱ्याचदा दोन्ही साइज तिथेच छापलेले असतात.

लोक साइज बघतात आणि रिमचा ऑफसेट (रिमचा मध्य आणि गाडीला टेकणारी बाजू यांतलं अंतर, 'ईटी' आकडा) विसरतात. कंपनीचा ईटी४५ असताना बाजारातला ईटी३५ लावला की चाक प्रत्येक बाजूला १० मिमी बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण व्हील बेअरिंगवर तिरका भार येतो, खड्ड्यात स्टीअरिंग ओढतं, बॉल जॉइंट लवकर झिजतो. बेअरिंग, शॉकअप, लोअर आर्म, स्टीअरिंग रॅक यांचे दावे इथेच अडतात. रिमच्या मधल्या भोकाचा व्यासही गाडीच्या हबशी (चाक ज्यावर बसतं त्या भागाशी) जुळायला हवा. मोठा असेल तर मधली रिंग लावल्याशिवाय चाक बोल्टांवर लटकतं आणि ८०-९० च्या वेगाला थरथर येते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी घेऊ नका, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

या सगळ्याचा इंजिन, एसी, इन्फोटेनमेंटशी काही संबंध नाही. तिथे कुणी टायरचं कारण पुढे केलं तर जॉबकार्ड यांनी सांगितलेला ईमेल पाठवा.

---

निखिल_नाशिक

रीमॅप करून (ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) सर्व्हिसिंगआधी परत स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ फाइल टाकली तर कळतं का?

---

सातारकर

बऱ्याच गाड्यांत कळतं. ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला (त्यात सॉफ्टवेअर भरलं गेलं) याचा काउंटर असतो, शेवटच्या प्रोग्रॅमिंगची नोंद असते आणि सॉफ्टवेअरचा पडताळणी क्रमांक असतो. तुम्ही स्टॉक फाइल परत टाकलीत की पडताळणी क्रमांक जुळतो, पण काउंटर खाली येत नाही. कंपनीचा स्कॅनर ऑनलाइन जोडला की काही ब्रँडमध्ये ही तुलना आपोआप होते आणि गाडीच्या नोंदीवर कायमची खूण पडते. फोक्सवॅगन समूहात तिला 'टीडी१' म्हणतात. ती पडली की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही वॉरंटीबाहेर.

पण पकडलं जाण्यापेक्षा मोठा प्रश्न धातूचा आहे. एक उदाहरण घ्या. स्लाव्हिया, व्हर्टस, कुशाक, टायगुनमध्ये येणारं १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) देतं. त्याच्या ऑटोमॅटिकला डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा सात गिअरचा बॉक्स आहे, आणि त्याची क्षमताही २५० न्यूटन-मीटरच धरलेली आहे. म्हणजे कंपनीनं मोकळी जागा ठेवलेलीच नाही. त्यावर रीमॅपनं ५०-६० न्यूटन-मीटर चढवले की क्लच चढावर घसरायला लागतो, जळका वास येतो आणि मेकाट्रॉनिकवर (गिअर बदलणाऱ्या युनिटवर) ताण येतो. दुरुस्ती लाखाच्या घरात जाते. तिथे खोटं बोलून वॉरंटी मागणं चूक आहे, आणि ते टिकतही नाही.

वायरीत मध्ये लावायचा ट्यूनिंग बॉक्स ईसीयूत काही बदलत नाही, म्हणून तो सुरक्षित असं विकणारे सांगतात. तो सेन्सरचा आकडा खोटा दाखवून काम करतो. इंजिन उघडल्यावर पिस्टन आणि टर्बो खोटं बोलत नाहीत.

तेल लावलेल्या कापडी एअर फिल्टरबद्दल एक ओळ: धुतल्यावर तेल जास्त लावलं तर ते एअर-फ्लो सेन्सरच्या तापणाऱ्या तारेवर बसतं, हवेचं मोजमाप चुकतं आणि चेक लाइट लागतो. सेन्सरचा दावा जातो, बाकी इंजिनाचा जाऊ नये.

बीएस६ डिझेलमधला डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) काढणं किंवा ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत फिरवणारी झडप) बंद करणं यावर सल्ला विचारू नका. ते बेकायदा आहे, पीयूसीच्या आणि वॉरंटीच्या दोन्ही बाजूंनी.

---

गॅसकिट

सीएनजीबद्दल गैरसमज खूप आहेत. किट 'सरकारमान्य' आहे म्हणजे कारकंपनीला मान्य आहे असं होत नाही. पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या वाहनतपासणी संस्थेचं प्रमाणपत्र सांगतं की हे किट ठरावीक सीसीच्या इंजिनावर प्रदूषण आणि सुरक्षेच्या कसोटीला उतरलं. वॉरंटीबद्दल ते काहीच बोलत नाही. बहुतेक बुकलेटमध्ये इंधन बदलणं हे सातारकरांनी सांगितलेल्या दुसऱ्या तऱ्हेत येतं, म्हणजे इंजिनाची वॉरंटी गेली असं धरूनच निर्णय घ्या.

कारण तांत्रिक आहे. पेट्रोल आत येताना थोडं थंड करतं, सीएनजी कोरडा असतो. त्यामुळे व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, टॅपेटची फट बदलते आणि कॉम्प्रेशन पडतं. कंपनीतून सीएनजी येणाऱ्या गाडीत सीटचा धातू, ईसीयूचं मॅपिंग आणि मागचं सस्पेन्शन त्या हिशेबानं केलेलं असतं. बाहेरून बसवताना ६० लिटरची लोखंडी टाकी मागच्या स्प्रिंगांवर ६० किलोच्या आसपास वजन टाकते आणि इंजेक्टरच्या वायरी एम्युलेटरसाठी (गॅसवर चालताना पेट्रोलचा इंजेक्टर चालू आहे असं ईसीयूला भासवणाऱ्या डब्यासाठी) मध्ये कापल्या जातात. स्पार्क प्लगची फट मूळच ठेवली तर मिसफायर होतो आणि न जळलेला वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतो.

तरी बसवायचंच असेल तर वॉरंटी संपल्यावर बसवा. सीक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा वायू सोडणारं) घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी घ्या आणि आरसीवर इंधनाची नोंद करा. विमा कंपनीला कळवा: किटच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता लागतो, त्यानंतर किट विम्यात येतं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी करा. नोंद नसलेल्या किटनं अपघाताचा दावा अडकतो तो वॉरंटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

---

कलमकरी

कायद्याची बाजू थोडक्यात, पण नेमकी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'फेरफार केला की वॉरंटी रद्द' असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम ८७ मध्ये एक अपवाद आहे: इजा झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल तर उत्पादन-दायित्वाचा दावा विक्रेत्यावर चालत नाही. तो अपवाद वस्तूमुळे झालेल्या इजेच्या नुकसानभरपाईचा आहे. गाडीतल्या दोषाची किंवा नाकारलेल्या दुरुस्तीची तक्रार वेगळी असते. डीलरचे लोक दोन्हींची गल्लत करतात.

भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश इथे बरेच जण नाचवतात. त्यात १४ कारकंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड झाला आणि सांगितलं गेलं की बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करा. तत्त्व आपल्या उपयोगाचं आहे, पण दोन गोष्टी लक्षात घ्या: तो दुरुस्तीबद्दल आहे, फेरफाराबद्दल नाही, आणि त्यावर पुढे अपिलं झाली. तक्रारीत त्याचा आधार घ्या, पण फक्त त्यावर विसंबू नका.

काही बदल मुळातच बेकायदा आहेत. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणारा बदल कलम ५२ मध्ये अडतो. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्रॅश गार्ड किंवा बुलबारबद्दल केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलं. एअरबॅगचे सेन्सर धडकेचा वेग ठरावीक पद्धतीनं मोजतात, गार्डमुळे ते मोजमाप बदलतं. एअरबॅग उघडली नाही अशा तक्रारीत समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न गार्डचा असतो.

तक्रारीची वाट: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस, मग ई-जागृती पोर्टलवर जिल्हा आयोगात तक्रार. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेही दाखल करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. शुल्क ५ लाखांपर्यंत नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून जुना भाग ताब्यात असणं इतकं महत्त्वाचं.

---

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी: इथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. आपल्याच ब्रँडचा भाग वापरा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही, तो भाग फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. नाकारायचं तर बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीनं दाखवायचं. जून २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं अशाच अटीवरून हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली होती. पण रीमॅपनं इंजिन गेलं तर इथेही पैसे खिशातूनच.

---

कलमकरी

बरोबर. फक्त इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून इथल्या डीलरसमोर तो कायदा सांगू नका. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आपलं हत्यार म्हणजे बुकलेटमधलं 'मुळे', आणि लेखी नकार.

---

देवगडकर

किनारपट्टीच्या लोकांसाठी. खाऱ्या हवेत गंज लवकर लागतो म्हणून बरेच जण बाहेरून अंडरबॉडी कोटिंग मारून घेतात. चांगलंच आहे, पण फवारणारा माणूस दारांच्या तळाची आणि सिलची (दाराखालच्या पोकळ पत्र्याची) पाणी निचरायची भोकं बुजवतो. पावसाचं पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडतो. गंजाच्या वॉरंटीचा दावा मग 'बाहेरच्या कोटिंगमुळे निचरा बंद' म्हणून फेटाळतात, आणि ते खोटं नसतं. कोटिंगआधी सगळी भोकं मोजा, कागदी टेप लावा, काम झाल्यावर टेप काढून प्रत्येक भोकात केबल-टाय घालून बघा. ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या जवळ फवारा जाऊ देऊ नका.

---

प्राजक्ता_प

खूप उपयोगी माहिती. एक शेवटचं: सीट कव्हर आणि समोर जाळी असलेलं ग्रिल, एवढंच बसवायचं आहे. यात काही धोका?

---

तारजोड

सीट कव्हर घेताना पाठीच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' असं लेबल आहे का बघा. असेल तर बाजूची एअरबॅग सीटमध्येच आहे. त्या कडेची शिवण मुद्दाम कमजोर धाग्यानं फाटेल अशी केलेलं, किंवा ती बाजू मोकळी असलेलं कव्हर घ्या. साधं जाड रेक्झिन चारही बाजूंनी शिवलं की एअरबॅग आत अडकते. बसवणाऱ्याला सीटखालचा पिवळा कपलर काढू देऊ नका. तो काढून इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो कोड बऱ्याच गाड्यांत स्कॅनरशिवाय जात नाही.

ग्रिलचं म्हणाल तर गाडीत अडास (आपोआप ब्रेक लावणं वगैरे करणारी चालक-सहाय्य यंत्रणा) आहे का ते आधी बघा. असेल तर रडार बहुधा लोगोच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीत असतो. त्याच्यासमोर धातूची जाळी, क्रोम पट्टी किंवा जाड नंबरप्लेट फ्रेम आली की 'सेन्सर अडला' असा इशारा येतो आणि आपोआप ब्रेक लागणं बंद होतं. काच बदलली किंवा गाडीची उंची वाढवली तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन परत करावं लागतं. अडास नसेल तर जाळी बसवा, फक्त रेडिएटरसमोरची हवा निम्म्यानं अडत नाही ना ते बघा. घाट चढताना एसी चालू ठेवून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, नेहमीपेक्षा वर गेला तर जाळी फार बारीक आहे.